मेहुण्याचा चष्मा

१

वकीलबाईंची एक जुनी सवय होती. नवा खटला हातात आला की त्या आधी जबाब वाचायच्या नाहीत, आधी फोटो बघायच्या. जबाब लिहून घेणारा त्यात स्वतःचं थोडं घालतो, नको ते गाळतो. फोटो काढणारा मात्र समोर असेल ते टिपतो, त्याला ते कळलेलं असो वा नसो, असं त्यांचं मत होतं. सकाळी आठ वाजता टेबल रिकामं करून त्या फोटो पत्त्यांसारखे मांडायच्या आणि चहा गार होईपर्यंत बघत बसायच्या. त्यांची थोरली बहीण त्यांच्यासोबतच राहायची. ती म्हणायची, "लोकांच्या घरी लग्नाचे अल्बम बघतात, आमच्याकडे हे."

हा खटला एका बाइंडरचा होता. वाचनालयाची फाटकी पुस्तकं शिवून त्यांना नवे पुठ्ठे चढवून देणारा पन्नाशीचा माणूस. एका सुट्टीच्या दुपारी तो आणि त्याचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, घरात दारू प्यायला बसले. बायको आजारी मैत्रिणीला बघायला दवाखान्यात गेली होती. पाच वाजता ती परत आली तेव्हा भाऊ खुर्चीतच मेलेला होता. पुस्तकं दाबायचं लोखंडी वजन त्याच्या डोक्यात घातलेलं होतं. नवरा दाराजवळ जमिनीवर, पायात बूट तसेच, गाढ झोपला होता. पोलिसांनी हलवून हलवून उठवला तर त्याला स्वतःचं नावही धड सांगता येईना. रक्तात इतकी दारू निघाली की तपासणाऱ्यानं चूक झाली असेल म्हणून पुन्हा तपासून पाहिलं.

वजन त्यानंच मारलं, याबद्दल वादच नव्हता. त्याच्या दोन्ही तळव्यांचे ठसे त्यावर होते. प्रश्न एवढाच होता की याला खून म्हणायचं का. स्वतःच्या मर्जीनं प्यायलेल्या माणसाला कायदा मोकळा सोडत नाही. पण खून म्हणायचा तर मारण्याचा हेतू लागतो, आणि हेतू धरण्याइतकं मनच जागेवर नव्हतं असं दाखवता आलं, तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. जन्मठेपेची पाच-सात वर्षं होतात. वकीलबाईंनी असे चार खटले लढवले होते. त्यातले तीन जिंकले होते.

पहिल्या फोटोत मेलेला माणूस होता. त्या शांतपणे बघत होत्या. चेहऱ्यावर रक्त, भिंतीवर, टेबलावर, टेबलावरच्या वर्तमानपत्रावर रक्त. नाकाच्या दोन्ही बाजूंना, वर्षानुवर्षं जाड चष्मा लावणाऱ्यांना पडतात तसे दोन खळगे.

सातव्या फोटोत खिडकी होती. खिडकीच्या कट्ट्यावर एक कुंडी, आणि कुंडीशेजारी काड्या नीट मिटून ठेवलेला जाड काचांचा चष्मा. त्यावर रक्ताचा एक थेंबही नव्हता.

बाई बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिल्या. घाव बसण्याआधी चष्मा काढलेला होता. काढून, मिटून, बाजूला ठेवला होता. फुटू नये म्हणून ठेवतात तसा.

त्यांनी पोलिसांचे कागद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळले. चष्म्याचा उल्लेख कुठेच नव्हता. सरकारी वकिलांच्या ध्यानात आलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. ज्याला मेहुण्याचा चष्मा जपायचं भान होतं, त्याला मेहुण्याला मारायचं भान नव्हतं, हे कोण ऐकून घेणार?

बाईंनी सातवा फोटो उचलला आणि बाकीच्यांच्या तळाशी सरकवला. आपल्या अशिलाच्या विरुद्धचा पुरावा शोधून देणं हे काही त्यांचं काम नव्हतं.

२

तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर एक गुणगुणणारी ट्यूबलाइट. बाइंडर येऊन बसला तो हात मांडीवर ठेवून, शाळेत बसवल्यासारखा. बोटांवर सुईच्या टोचण्यांचे बारीक काळे ठिपके होते. आवाज इतका हळू की बाईंना पुढे वाकावं लागे.

"तुमचं आणि मेहुण्याचं कधी वाजलं होतं?"

"नाही हो. लेकरासारखा होता तो मला. आठ महिने आमच्याकडेच राहत होता. नोकरी लागली म्हणून बाटली घेऊन आला. म्हणाला, दाजी, आज नाही म्हणायचं नाही."

"आणि तुम्ही प्यायलात."

"बाई, मी पीत नाही. कुणालाही विचारा. मी त्याला नकोच म्हणत होतो. तोंडानं नको म्हणत होतो, आणि हात ग्लासाकडे गेला. पहिला घोट मी घेतला, हे खरं आहे. पण हात मी उचलला की... ते मला नीट सांगता येत नाही."

"न्यायालयात हे बोलू नका," बाई म्हणाल्या. "याआधी कधी प्यायला होतात?"

"एकदा. लग्नाआधी. मित्रांनी पाजली."

"तेव्हा काय झालं?"

"आठवत नाही. सकाळी जाग आली तेव्हा घर आवरलेलं होतं. भांडी घासून पालथी घातलेली, कपड्यांच्या घड्या, जमीन पुसलेली. इतकं नीट घर आमचं कधीच नव्हतं. आणि आई कोपऱ्यात बसून रडत होती."

"का?"

"सांगितलं नाही तिनं. मरेपर्यंत नाही सांगितलं. पण त्यानंतर मला घरात पाणीसुद्धा ती स्वतःच्या हातानं ओतून द्यायची. मला ओतू द्यायची नाही."

बाईंनी वहीत लिहिलं: पिण्याची सवय नाही, पूर्वी एकदा, स्मृती नाही. एवढंच. बाकीचं लिहिण्यासारखं नव्हतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

निघताना तो उभा राहून म्हणाला, "बाई, मला सोडवायचं बघा असं मी म्हणणार नाही. तेवढं मला सांगा, मी त्याला का मारलं."

३

घर पहिल्या मजल्यावर होतं. एकच मोठी खोली, मागे स्वयंपाकघर. भिंतीला लागून शिवायच्या पुस्तकांचे गठ्ठे तसेच पडून होते, खळीचा आंबूस वास अजून होता. बाइंडरच्या बायकोनं खुर्ची पुढे केली. ती खुर्ची नवी होती, पण जागा तीच होती, कारण जमिनीवर जुन्या खुर्चीच्या पायांचे चार पुसट डाग होते.

"भाऊ गेला आणि नवरा आत," ती म्हणाली. "कुणासाठी रडायचं तेच कळत नाही. लोक मला विचारतात, तू कुणाच्या बाजूची? मी म्हणते, मी स्वयंपाकघराच्या बाजूची. दोघांनाही मीच जेवायला वाढत होते."

बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या भावाला चष्म्याशिवाय कितपत दिसायचं?"

"काही म्हणजे काही नाही. बाटलीच्या बुडासारख्या काचा होत्या. लहानपणी आम्ही त्याचा चष्मा लपवायचो. तो बापडा जागचा हलायचा नाही. हात पुढे करून बसून राहायचा, आणून दे गं, आणून दे गं म्हणत." ती हसली, आणि हसता हसता तिनं तोंड दाबलं. मग उठून तिनं फडताळातून चष्मा आणला. "पोलिसांना म्हटलं न्यायचा का. ते म्हणाले, कशाला, त्याच्यावर काही नाहीये."

"तो पिताना काढून ठेवायचा का?"

"झोपतानासुद्धा उशीखाली ठेवायचा. दूर ठेवला तर सापडणार कसा त्याला?"

बाई खुर्चीवरून उठल्या आणि खिडकीपर्यंत चालत गेल्या. सहा पावलं होती. त्या परत येऊन बसल्या. त्यांचा स्वतःचाही नंबर कमी नव्हता. शाळेपासून जाड काचा लावत होत्या. त्यांनी चष्मा काढून खिडकीकडे पाहिलं. एक पांढुरका चौकोन, बस्स. कुंडी नाही, कट्टा नाही. समोर बसलेली बाई म्हणजे नुसता एक गडद डाग.

त्यांनी घाईनं चष्मा पुन्हा लावला.

"चष्म्याचं का विचारताय, बाई?"

"असंच," बाई म्हणाल्या. "काही विशेष नाही."

४

प्रयोगाची कल्पना डॉक्टरांची. नशेवरच्या खटल्यांत ते बाईंच्या बाजूनं साक्षीला यायचे. त्यांचं म्हणणं असं, की नुसतं पुस्तकातलं सांगण्यापेक्षा याच माणसाला तेवढीच दारू द्यावी, दर टप्प्याला रक्त तपासावं, आणि तो कुठल्या टप्प्याला कोसळतो ते लिहून न्यायालयात ठेवावं. न्यायाधीशांनी परवानगी दिली.

रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावरची खोली. सकाळचे दहा. एक खाट, एक टेबल, मोठी खिडकी, तिच्यातून भरपूर ऊन. दाराबाहेर पोलीस खुर्ची टाकून बसला होता. "सरकारी परवानगीनं कुणाला दारू पाजायची वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली," डॉक्टर म्हणाले आणि ग्लास भरला.

बाइंडरचे हात लटपटत होते. "मला भीती वाटते, डॉक्टर. नको."

"आम्ही आहोत ना," डॉक्टर म्हणाले.

त्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. आणि तेवढ्यात त्याचा उजवा हात स्थिर झाला. थरथर थांबली, हात पुढे गेला, ग्लास उचलला. ग्लास काठोकाठ भरलेला होता, पण एक थेंब सांडला नाही. चेहरा मात्र अजून नकोच म्हणत होता. बाईंना ते दिसलं. डॉक्टर घड्याळ बघत होते.

तिसऱ्या ग्लासाला तो रडायला लागला. चौथ्याला मेहुण्याला हाका मारू लागला. पाचव्यानंतर शब्द एकमेकांत घुसले, पाय आपटले, आणि साडेअकराच्या सुमाराला तो खाटेवर आडवा झाला तो हललाच नाही. डॉक्टरांनी चिमटा काढला, डोळ्यांत उजेड टाकला, रक्त काढलं. "हा आता कामातून गेला," ते म्हणाले. "मी ही रक्ताची नळी शेजारी तपासायला देऊन येतो. तीन मिनिटं."

दार लोटल्याचा आवाज झाला. बाई खाटेकडे तोंड करून बसल्या होत्या. वही मांडीवर होती. बाइंडर घोरत होता, ओलसर, जड, मधेच अडकून पुन्हा सुरू होणारं घोरणं. बाहेरच्या बोळातून औषधांची गाडी चाकं कुरकुरवत गेली. बाईंनी वेळ लिहिली. घोरण्याचं वर्णन लिहिलं. लिहिताना पानावर सावली पडली म्हणून त्यांना वाटलं डॉक्टर आले.

त्यांनी मान वर केली, आणि कुणाच्या तरी दोन्ही हातांची बोटं त्यांच्या कानशिलांना लागली. गार, हलकी बोटं. आईनं झोपलेल्या मुलाचा चष्मा काढावा तितक्या अलगद त्यांचा चष्मा नाकावरून उचलला गेला.

"फुटेल हो," एक आवाज म्हणाला. "बाजूला ठेवू."

आवाज अडखळत नव्हता. तो स्वच्छ, समजूतदार आणि काळजीचा आवाज होता.

खोलीचे सगळे कोपरे विरघळून गेले होते. समोर एक उभा गडद डाग होता. त्याच्या मागे खाटेचा पांढरा पट्टा होता, आणि त्या पट्ट्यावर काही आहे की नाही, ते डोळे ताणूनही त्यांना कळेना. घोरणं मात्र थांबलेलं नव्हतं. तेच ओलसर, जड, मधेच अडकणारं घोरणं. ते खाटेवरून येत होतं की समोर उभ्या असलेल्याच्या छातीतून, हे ठरवायचा त्या प्रयत्न करत होत्या. सगळी अक्कल एकवटून त्या फक्त तेवढंच ठरवायचा प्रयत्न करत होत्या.

मग पावलं खिडकीकडे गेली. एकसारखी, न डगमगणारी. दगडी कट्ट्यावर चष्मा टेकल्याचा बारीक आवाज झाला.

त्यांना ठाऊक होतं की आता पावलं परत येतील. खुर्चीच्या दांड्या घट्ट धरून त्या वाट बघत राहिल्या. टेबलावर डॉक्टरांचं पितळी खलबत्त्यासारखं काहीतरी जड होतं, हे त्यांना आठवलं.

दार उघडलं.

"अरे," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चष्मा काढून का बसलात?"

५

बाइंडर खाटेवर तसाच होता, डावा हात खाली लोंबकळत, तोंड उघडं. डॉक्टरांनी खिडकीतून चष्मा आणून दिला. बाईंनी तो लावला आणि पहिल्यांदा टेबलाकडे पाहिलं. मघाशी आठवलेलं जड काहीतरी म्हणजे दिव्याची बैठक होती.

"कुणी आत आलं होतं?" त्यांनी दाराबाहेरच्या पोलिसाला विचारलं.

"डॉक्टरसाहेब आत्ता आले तेच. का हो?"

रक्ताचा आकडा आला तो त्या दुपारच्या आकड्यापेक्षाही वरचा होता. डॉक्टर खूश होते. त्यांनी अहवालात लिहिलं: या अवस्थेत सदर व्यक्तीला उभं राहणं, हेतुपुरस्सर हालचाल करणं, वस्तू हाताळणं अशक्य. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मी बाहेर असताना काही हालचाल?"

बाईंनी वहीतली नोंद पाहिली. "घोरत होता," त्या म्हणाल्या.

हे खोटं नव्हतं.

त्या पुढच्या दिवसांत त्यांनी स्वतःची उलटतपासणी घेतली, पोलिसाची घ्यावी तशी. चष्मा तुम्ही स्वतः काढला नाहीत कशावरून? दमल्यावर तुम्ही डोळे चोळता. चोळते. मग उठून खिडकीत ठेवला असेल. पण चष्म्याशिवाय मी सहा पावलं जात नाही. त्या खोलीत खिडकी सहा पावलांवर होती, हे तुम्ही मोजलंत? नाही. मग सहा हा आकडा कुठून आला? दुसऱ्या घरातून. म्हणजे तुमच्या डोक्यात ते घर होतं. हो, होतं. संपलं तर मग.

अशा रीतीनं दिवसा त्या स्वतःवर खटला जिंकायच्या. मग बहिणीनं एकदा जेवताना त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "चष्मा कुणी पुसून दिला गं?"

"का?"

"काचांवर तुझ्या बोटांचे डाग असतात नेहमी. आठवडाभर बघतेय, आरशासारख्या आहेत. माझ्यासमोर तर एकदाही पुसला नाहीस."

बाई जेवता जेवता उठल्या. बहिणीला वाटलं, त्यांना ठसका लागला.

६

शेवटच्या युक्तिवादाला सरकारी वकील चांगले बोलले. "आरोपीला कुणी बांधून पाजली नाही," ते म्हणाले. "पहिला घोट कुणी घेतला? आरोपीनं. ज्यानं पहिला घोट घेतला त्यानंच शेवटचा घाव घातला. मधे माणूस बदलत नाही."

बाई उठल्या. सरकारी वकिलांच्या टेबलावर तेच फोटो पडले होते. सातवा सगळ्यात वर होता. त्या वकिलांनी तो कितीदा पाहिला असेल कोण जाणे. त्यांना खिडकी दिसत होती, कुंडी दिसत होती.

"कायदा हाताला शिक्षा देत नाही, मनाला देतो," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांचा अहवाल आपल्यासमोर आहे. माझ्या अशिलाचं शरीर त्या खोलीत होतं, हे मी नाकारत नाही. पण त्या दुपारी, त्या वेळी, माझा अशील त्या खोलीत नव्हता."

वाक्य अनेकदा वापरलेलं होतं. पण या वेळी ते तोंडातून बाहेर पडलं आणि बाईंना कळलं, त्याचा शब्द न् शब्द खरा होता. आणि मग खोलीत कोण होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही. कायद्याला त्याची गरज नव्हती.

खून सिद्ध झाला नाही. सदोष मनुष्यवध, पाच वर्षं. साडेतीन कच्च्या कैदेत गेलेलीच होती.

निकालानंतर त्या खालच्या कोठडीत त्याला भेटायला गेल्या. तो गजांपाशी उभा होता. वजन उतरलं होतं, केस पांढरे झाले होते. त्यानं हात जोडले नाहीत की आभार मानले नाहीत.

"बाई, त्या दिवशी रुग्णालयात मी काय केलं?"

"झोपलात."

"सगळा वेळ?"

"अहवालात आहे की."

"अहवाल डॉक्टरांचा. मी तुम्हाला विचारतोय." त्यानं गज धरले. "बायको पत्र लिहिते, घरी या म्हणते. मी नाही म्हणतो. मला माझी खात्री नाही. तुम्ही सांगाल ते मी धरून चालेन. मी नुसता झोपलो असेन, तर मग त्या दिवशीसुद्धा कदाचित... कदाचित हातून घडून गेलं असेल, शुद्धीत नसताना. अपघातासारखं. तसं असेल तर मी घरी जाईन. नाहीतर जाणार नाही, बाई. कुठंतरी लांब जाईन."

बाईंनी तीस वर्षांत अशिलाला कधी खोटं सांगितलं नव्हतं. न्यायाधीशांपुढे मोजून मापून, साक्षीदारांना फिरवून फिरवून, पण अशिलाला नाही. आत्ता खरं सांगायचं तर त्यांना आधी ते स्वतःशी मान्य करावं लागलं असतं. वर न्यायालयात लोक त्यांचं अभिनंदन करायला थांबले होते.

"तुम्ही झोपला होतात," त्या म्हणाल्या. "घरी जा."

बाइंडर खाली बसला आणि ओंजळीत तोंड घालून लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. सुटल्यासारखा. बाई त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं होतं, बरं वाटेल.

७

शिक्षेत थोडी सूट मिळाली. वर्षभरानं एका सोमवारी तो सुटणार होता. बुधवारी दुपारी बाइंडरच्या बायकोचा फोन आला.

"बाई, हे अजून आले नाहीत. तुमच्याकडे आले होते का?"

सोमवारी ती तुरुंगाच्या फाटकाशी गेली होती, तर तिथल्या माणसानं सांगितलं की त्याला सकाळीच सोडलं. चांगला शुद्धीत होता, सगळ्यांचा निरोप घेऊन गेला. त्यानंतर कुणी पाहिलं नव्हतं.

"येतील हो," ती स्वतःच म्हणाली. "तोंड दाखवायची लाज वाटत असेल. मी दाराला कडीच लावत नाही, नुसतं लोटून घेते. आले आणि कडी बघून परत फिरले तर?"

बाईंनी फोन ठेवला. समोर दुसऱ्या खटल्याचे कागद होते. त्या पाच मिनिटं त्यांच्याकडे बघत बसल्या. मग उठल्या, कोटसुद्धा न घेता खाली उतरल्या आणि मिळेल त्या गाडीनं निघाल्या.

चार वाजले होते. जिन्यात ऊन होतं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता. दार नुसतं लोटलेलं होतं. बोट लावताच उघडलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, आणि बाईंना बघून तिचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

"बसा," बाई म्हणाल्या. "मला तुम्हाला एक सांगायचंय. अशिलाची गोष्ट वकिलानं बाहेर सांगायची नसते. तरी सांगणार आहे. चार वर्षांपूर्वी सांगायला हवी होती."

"चहा तरी..."

"नको. आधी हे दार लावू द्या."

त्यांनी दार ढकललं. जुनं, आत उघडणारं दार. कडी वरच्या बाजूला होती. त्यांनी हात वर करून कडी ओढली, पण ती कोयंड्यात बसेना. दार चौकटीला पुरतं टेकतच नव्हतं. बोटभर फट राहत होती. बाईंनी खांदा लावला. फट कमी झाली, आणि पुन्हा तेवढीच झाली.

लाकूड फुगलंय, त्यांनी स्वतःला सांगितलं. त्यांनी दुसरा खांदा लावला, पूर्ण अंगाचा भार दिला. दार चौकटीत बसत नव्हतं. कुणी ढकलतही नव्हतं. नुसतं बाहेरून कुणीतरी, कसलीही घाई न करता, दाराला पाठ टेकून उभं असावं, तेवढंच.

रेडिओ बंद झाला होता. फटीतून जिन्यातल्या उन्हाची एक बारीक उभी रेघ आत येत होती. ती रेघ वरपासून खालपर्यंत सलग नव्हती. मधे अंधारलेली होती.

बाईंनी दोन्ही हात दारावर रोवले. त्यांना मागे वळून ओरडायचं होतं, स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी लावा म्हणायचं होतं. न्यायालयात सहा-सहा तास उभं राहून बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून आवाज फुटेना.

"आले का हो?" मागून बायकोनं विचारलं. ती पुढे येत होती. येता येता तिनं केस सारखे केल्याचं, बांगड्या मागे सारल्याचं बाईंना ऐकू आलं. "अहो, मग दार धरून काय उभ्या राहिलात? आत घ्या ना त्यांना. दमून आले असतील."